सातपुड्याच्या पायथ्याच्या दगडी वाटेसाठी सायकलचे टायर कोणते घ्यावेत?

पांदणवाट

नमस्कार. आमचे गाव अचलपूर तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला आहे. दिवाळीनंतर आम्ही काही मित्र डोंगरालगतच्या गावांमधून सायकलने फेरी काढणार आहोत. सुरुवातीला पांदण रस्ता, मग मुरमाचा चढ, त्यापुढे सात-आठ किलोमीटर काळ्या दगडांची जुनी बैलगाडीची वाट आणि शेवटी डांबरी रस्त्याने परत, असा एकूण ४० किलोमीटरचा मार्ग आहे. तो व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत कुठेही शिरत नाही, याची खात्री आम्ही वनविभागाच्या कार्यालयात जाऊन करून घेतली आहे.

माझी सायकल २७.५ इंची चाकांची असून तिला फक्त पुढे सस्पेन्शन आहे. कंपनीकडून आलेले टायर २.१ इंच रुंदीचे, तारेच्या कडेचे आणि ट्यूबवाले आहेत. रिमची आतली रुंदी २१ मिलिमीटर आहे. माझे वजन ७४ किलो आहे. टायर बदलायचे हे निश्चित आहे, परंतु मोठ्या नॉबचे (टायरवरच्या रबरी उंचवट्यांचे) घ्यावेत की बारीक नक्षीचे, ट्यूबलेस करून घ्यावे की ट्यूबच बरी, आणि पुढे-मागे एकच टायर लावावा की वेगवेगळे, या तीन प्रश्नांवर आपले अनुभव हवे आहेत.

बरड_जमीन

पांदणवाट भाऊ, टायर निवडताना बहुतेकांचे लक्ष आधी नक्षीकडे जाते, कारण दुकानात तीच डोळ्यांत भरते. आपल्या भागासाठी मात्र मी नक्षीला दुसरे स्थान देईन आणि पहिले स्थान टायरच्या अंगाला, म्हणजे आतल्या धाग्यांच्या विणीला आणि बाजूच्या भिंतीला देईन.

याचे कारण आपल्या दगडात आहे. अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हा सगळा पट्टा बेसाल्टचा. हा दगड दोन रूपांत वाटेवर भेटतो. एक म्हणजे झिजून गोल झालेले गोटे, जे मुरमावर सैल पडलेले असतात आणि चाकाखालून सरकतात. दुसरे म्हणजे ताजे फुटलेले तुकडे, ज्यांची धार विळ्याइतकी तीक्ष्ण असते. गोट्यांवर नक्षीची परीक्षा होते, पण धारदार तुकड्यांवर भिंतीची होते. टायर दोन दगडांच्या फटीत गेला की दगड त्याच्या बाजूला घासतो, आणि तिथे नक्षीचे रबर नसतेच. नक्षी झिजलेल्या टायरवर घरी परतता येते, पण भिंत उभी फाटली की सायकल खांद्यावर घ्यावी लागते.

म्हणून टायर घेताना बाजूच्या भिंतीला संरक्षक थर आहे का, हे आधी पाहावे. प्रत्येक कंपनीने त्याला वेगळे नाव दिलेले असते. मॅक्सिसच्या टायरवर ‘एक्सो’ लिहिलेले असते ते हेच. भिंतीवर टीपीआय असाही एक आकडा असतो. एका इंचात किती धागे आहेत ते त्यावरून कळते. १२० टीपीआयचा टायर बारीक धाग्यांचा, हलका आणि लवचीक असतो, तर ६० टीपीआयचे धागे जाड असतात. संरक्षक थर नसलेल्या १२०पेक्षा ६०चा टायर मी आपल्या डोंगरात अधिक विश्वासाने वापरतो.

मोहफूल

बरड_जमीन यांच्याशी मी पूर्ण सहमत नाही. मी भंडारा जिल्ह्यातला आहे. आमच्याकडे बेसाल्ट संपून नाइस (पट्टेदार खडक) आणि ग्रॅनाइट सुरू होतो. दगडाचा पृष्ठभाग खरखरीत असल्याने पकड चांगली मिळते, पण त्यावर सुटलेली भरड वाळू चाक घसरवते. अशा ठिकाणी भिंत कितीही मजबूत असली तरी वळणावर नक्षीच्या कडेचे नॉबच सायकल सावरतात.

शिवाय जाड भिंतीचे टायर जड असतात. या मापातला हलका टायर साधारण ६०० ते ७०० ग्रॅमचा, तर भक्कम भिंतीचा ९०० ग्रॅम ते १ किलोचा असतो. मूळ प्रश्नातील मार्गात दगडी वाट सात-आठ किलोमीटरचीच आहे. उरलेल्या बत्तीस किलोमीटरवर तो भार वाहावा लागेल, हेही धरले पाहिजे.

पऱ्हाटी

किती किलोमीटर दगड आहे यापेक्षा त्या दगडात काही बिघडले तर मदत किती दूर आहे, हे मला महत्त्वाचे वाटते. डांबरी रस्त्यावर जड टायरने थोडा दम लागेल, एवढेच. डोंगरात टायर फाटला तर मात्र सायकल ढकलत गाव गाठावे लागते.

मी यवतमाळकडची आहे आणि माझे वजन ५२ किलो आहे, म्हणून आणखी एक मुद्दा मांडते. दुकानदार सर्वांना एकच टायर आणि एकच हवा सुचवतात. माझ्या वजनाला अतिशय कडक भिंतीचा टायर दबतच नाही, त्यामुळे तो दगडाला धरत नाही आणि गोट्यावरून उसळतो. हलक्या व्यक्तींनी मधल्या दर्जाची भिंत घ्यावी आणि हवा कमी ठेवावी. घरातल्या मुलांसाठी किंवा बहिणीसाठी टायर घेताना स्वतःच्या अनुभवावरून आकडे ठरवू नयेत, ही विनंती.

हिवर

दगडांवर एवढी चर्चा झाली, पण काट्यांचे काय? पांदण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाभूळ, बोर आणि हिवर असतात. दिवाळीनंतर कास्तकार वावराला बोराट्यांचे, म्हणजे बोरीच्या काटेरी फांद्यांचे कुंपण करतात, आणि त्या बोराट्या वाहून नेताना निम्मे काटे वाटेवरच गळतात. त्यातच सराटा याच सुमारास वाळतो. हिरवा असताना तो मऊ असतो. वाळल्यावर त्याच्या फळाचा एकेक भाग असा पडतो की एक तरी काटा वर तोंड करून राहतोच. हा काटा भिंतीतून शिरत नाही, सरळ नक्षीच्या मधल्या रबरातून वर येतो. त्यामुळे भिंतीचे संरक्षण येथे कामाला येत नाही.

माझ्या मते या एका कारणासाठी ट्यूबलेस करावे. टायरमध्ये ओतलेले सीलंट काट्याच्या छिद्रात जाऊन तिथेच गोठते आणि बहुतेक वेळा चालवणाऱ्याला पंक्चर झाल्याचे कळतही नाही.

चाकदुरुस्ती

माझे आर्वीकडे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो. ट्यूबलेस उत्तम आहे, हे मला मान्य आहे. परंतु खेड्यात त्याची देखभाल कोण करणार, हा प्रश्न घेण्याआधी विचारावा. सीलंट कायम टिकत नाही. उन्हाळ्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या केलेल्या सायकलचे सीलंट दोन-तीन महिन्यांत वाळून त्याची रबरी साय तेवढी उरते. ज्याला वेळच्या वेळी सीलंट घालणे जमणार नाही, त्याने ट्यूब ठेवावी. ट्यूबचे पंक्चर कोणत्याही गावात काढून मिळते.

ट्यूब वापरणाऱ्यांनी पंक्चर वाचायला शिकले पाहिजे. ट्यूब बाहेर काढताना ती टायरमध्ये कशी बसली होती, हे लक्षात ठेवावे. बाहेरच्या अंगाला एकच बारीक छिद्र असेल तर काटा. शेजारी-शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी होती आणि दगडाने ट्यूब रिमवर चेपली. आतल्या अंगाला, रिमकडे छिद्र असेल तर रिमची पट्टी सरकली आहे आणि आऱ्याचे टोक किंवा छिद्राची कड ट्यूबला लागते आहे. कारण न पाहता नुसता पॅच लावला तर त्याच जागी पुन्हा पंक्चर होते आणि लोक टायरला दोष देतात.

काटा शोधण्यासाठी टायरच्या आतून बोट फिरवू नये. वेचलेल्या कापसाचा सैलसर बोळा घेऊन तो आतून हळूहळू फिरवावा. काट्याचे टोक डोळ्यांना दिसत नसले तरी कापसाचे तंतू त्याला अडकतात आणि त्या जागी पांढरा पुंजका राहतो. बाभळीचा काटा बाहेरून रबराच्या पातळीला मोडलेला असतो, त्यामुळे तो आतून ढकलून थोडा वर आणावा आणि मग पकडीने ओढावा.

हिवर

@चाकदुरुस्ती, कापसाची युक्ती फार मोलाची आहे. ट्यूबलेसवाल्यांनाही ती लागेल. भिंत फाटल्यावर ट्यूबलेस टायरमध्ये तात्पुरती ट्यूब घालावी लागते आणि तोवर सीलंटने बंद केलेले अनेक काटे आत रुतून बसलेले असतात. ते न काढता नवी ट्यूब घातली की ती हवा भरताभरता फुटते.

ऊनसावली

एक नवखा प्रश्न. माझी सायकल २६ इंची आहे. गावातल्या दुकानात २६ इंची टायर नेहमी मिळतात. दगडी वाटेसाठी त्यातलाच एखादा जाडसर टायर चालेल का?

चाकदुरुस्ती

@ऊनसावली, आपण विचारले हे बरे झाले. इंचांच्या आकड्यावर जाऊ नये. टायरच्या भिंतीवर मिलिमीटरमध्ये छापलेला दोन भागांचा आकडा पाहावा. ‘५७-५८४’ असे लिहिले असेल तर पहिला आकडा रुंदी आणि दुसरा रिमवर बसणाऱ्या कडेचा व्यास असतो. माउंटन बाइकच्या २६ इंची रिमचा व्यास ५५९ असतो, २७.५ इंचीचा ५८४ आणि २९ इंचीचा ६२२. आपल्या साध्या सायकलींवर येणारा २६ × १ ३/८ हा टायर ५९० चा असतो. दोन्हींना दुकानात २६ च म्हणतात, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. दुसरा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे.

त्रैराशिक

हवेबद्दल कोणी नेमके आकडे दिले नाहीत, म्हणून लिहितो. मी विज्ञान शिकवतो आणि हा विषय माझ्या आवडीचा आहे.

टायरची पकड सर्वांत जास्त बदलते ती हवेच्या दाबाने. कमी दाबाचा टायर दगडाच्या आकाराप्रमाणे दबतो आणि त्याचे अधिक रबर दगडाला टेकते; जास्त दाबाचा टायर दगडाच्या टोकावर उभा राहतो आणि घसरतो. मात्र फार कमी दाबाने रिम दगडावर आदळते. ७४ किलो वजनाच्या व्यक्तीने २.३५ इंची ट्यूबलेस टायरमध्ये पुढे २२-२३ आणि मागे २५-२६ पीएसआयपासून (पंपावरचे हवेच्या दाबाचे माप) सुरुवात करावी. ट्यूब असेल तर ती चेपू नये म्हणून पुढे २८ आणि मागे ३२ ठेवावे. मागे जास्त, कारण बसलेल्या माणसाचा सुमारे ६० टक्के भार मागच्या चाकावर येतो. तेथून एका वेळी एक-एक पीएसआय बदलून पाहावे.

आपल्या भागात उष्णतेचाही विचार करावा लागतो. सकाळी २० अंशांना २५ पीएसआय भरली आणि दुपारी काळ्या दगडावर टायर ४५ अंशांपर्यंत तापला, तर दाब किती होईल? मोजमापातल्या २५ मध्ये वातावरणाचे १४.७ मिळवले की ३९.७ येतात. तापमान निरपेक्ष मापात (अंशांत २७३ मिळवून) २९३ वरून ३१८ झाले, म्हणजे दाब ४३.१ झाला, त्यातून १४.७ वजा केल्यावर २८.४ उरतात. न भरता तीन पीएसआयपेक्षा जास्त वाढ होते. सकाळी दगडाला धरणारी सायकल दुपारी उसळू लागते, त्याचे एक कारण हे आहे. दगडी वाट लागण्यापूर्वी सावलीत थांबून दाब तपासावा. पेट्रोल पंपावरचे यंत्र मोटारींसाठी असते. एका पीएसआयचा फरक दाखवणारा छोटा मापक जवळ असावा.

मोहफूल

@त्रैराशिक, हे गणित मुलांनाही दाखवण्यासारखे आहे. मी आता माझ्या मूळ मुद्द्याकडे, म्हणजे नक्षीकडे वळतो, कारण पांदणवाट यांचा पहिला प्रश्न तोच होता.

कोरड्या खडकावर उंच आणि विरळ नॉब चांगले, हा समज सर्वत्र आहे. मोठा सलग दगड असेल तेव्हा उंच नॉब मुळातून वाकतात आणि टायर डगमगतो. अशा ठिकाणी मध्यम उंचीचे, रुंद आणि एकमेकांच्या जवळ असलेले नॉब अधिक रबर टेकवतात. उंच नॉब उपयोगी पडतात ते सैल मुरमात, कारण ते वरचा थर फोडून खालच्या घट्ट भागाला धरतात. यांच्या मार्गावर दोन्ही आहे, म्हणून पुढे-मागे वेगळे टायर लावणे योग्य ठरेल. पुढच्या चाकाने दिशा आणि ब्रेक सांभाळायचा असतो, त्यामुळे पुढे रुंद, मऊ रबराचा आणि कडेला ठळक नॉब असलेला टायर असावा. मागे मधोमध दाट नक्षी असलेला, सहज घरंगळणारा टायर चालेल. पुढचे चाक घसरले की माणूस पडतो. मागचे घसरले तर बहुतेक वेळा सावरता येते.

रबराच्या मऊपणाबद्दल एवढेच सांगतो की मऊ रबर दगडाला चिकटून धरते, पण लवकर झिजते आणि बेसाल्टच्या धारेवर त्याचे नॉब मुळाशी तुटू लागतात. त्यामुळे मऊ रबर पुढेच ठेवावे.

बरड_जमीन

मोहफूल यांच्या या पोस्टशी मी पूर्ण सहमत आहे. त्यात एकच भर घालतो. मागचा टायर हलका करावा, हे त्यातून कोणी वाचू नये. उतारावर मागचे चाकच दगडांवर सर्वांत जास्त आदळते. नक्षी दाट असली तरी मागच्या टायरची भिंत पुढच्याइतकीच किंवा त्याहून भक्कम हवी.

पऱ्हाटी

रिमच्या रुंदीकडे सर्वांचे दुर्लक्ष झाले आहे. पांदणवाट दादांच्या रिमची आतली रुंदी २१ मिलिमीटर आहे. आजकाल २.४ आणि २.५ इंची टायर प्रामुख्याने २५ ते ३० मिलिमीटरच्या रिमसाठी बनवतात. २१च्या रिमवर ते बसतील, परंतु माथ्याला फुगीर आणि बुडाला निमुळते होतील, आणि हवा कमी केली की वळणावर एका बाजूला कलतील. या रिमवर पुढे २.३५ आणि मागे २.२५ यापलीकडे जाऊ नये.

मागे मोठा टायर घेण्यापूर्वी फ्रेमच्या दोन्ही बाजूंना किती जागा उरते, तेही मोजावे. पाच-सहा मिलिमीटर मोकळी जागा नसेल तर टायरच्या नॉबमध्ये अडकलेला खडा फ्रेमचा रंग आणि मग धातू खरवडत राहतो.

ऊनसावली

या सगळ्यात पावसाळ्याचा उल्लेख नाही. काळ्या मातीत हेच टायर चालतील का?

हिवर

काळ्या मातीत कोणताच टायर चालत नाही. चिखल नॉबमध्ये भरतो, त्यावर आणखी चिखल चढतो आणि चाक फ्रेममध्येच अडकते. विरळ नॉबचा अरुंद टायर थोडी माती झटकतो, पण आमच्या पांदणीत तोही फार पुढे जात नाही. शिवाय ओल्या पांदणीत चाकाने पडलेली खोल चाकोरी वाळून दगडासारखी होते आणि बैलगाडीवाल्यांना वर्षभर त्रास देते. वावरात वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती पुरेशी सुकेपर्यंत कास्तकार वखर घालत नाही. आपणही तोवर सायकल घालू नये.

पांदणवाट

आपण सर्वांनी एवढ्या आत्मीयतेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. सगळे वाचून मी असे ठरवले आहे. पुढे २.३५ इंची, कडेला ठळक नॉबचा आणि मऊ रबराचा टायर, मागे २.२५ इंची, दाट नक्षीचा टायर. दोन्हींची भिंत संरक्षक थराची आणि दोन्ही ट्यूबलेस बसणारे. फ्रेममध्ये मागे जागा मोजली, २.२५ नंतर दोन्हीकडे सात मिलिमीटर उरतात. भक्कम भिंतीमुळे दोन्ही मिळून पाव किलोहून अधिक वजन वाढेल, ते मी स्वीकारतो, कारण आमच्या वाटेवर दगड लागतो तेथून जवळची वस्ती बरीच खाली आहे.

ट्यूबलेसबद्दल चाकदुरुस्ती काकांचा आक्षेप मला योग्य वाटतो. तरीही काट्यांमुळे मी ट्यूबलेसच करणार आहे आणि दर दोन महिन्यांनी सीलंट तपासण्याची जबाबदारी घेणार आहे. काका, घरी ट्यूबलेस बसवताना कोणती काळजी घ्यावी, हे सांगाल का?

चाकदुरुस्ती

अवश्य सांगतो. रिम ट्यूबलेससाठी योग्य आहे का, हे आधी तपासा. जुन्या रिमवर कड नीट अडकत नाही आणि तेथे हट्ट करणे धोक्याचे आहे. रिमच्या आतील भाग स्पिरिटने पुसून कोरडा करा आणि रिमच्या आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद टेप ताणून बसवा. टेप एका बाजूच्या कडेपासून दुसऱ्या बाजूच्या कडेपर्यंत पोहोचली पाहिजे. व्हॉल्व्हच्या जागी चाकूने कापू नका. तापवलेल्या बारीक सुईने छिद्र करा, म्हणजे टेप पुढे फाटत जात नाही.

टायरची कड साबणाच्या पाण्याने ओली करा. पायपंपाने कड बसली नाही तर महामार्गावरच्या ट्रकच्या पंक्चर दुकानात जा, कारण तेथे कॉम्प्रेसर असतो. व्हॉल्व्हचा आतला भाग काढून हवा सोडली की ती एकदम आत शिरते आणि कड दोन्ही बाजूंना टक्-टक् असा आवाज करून बसते. कॉम्प्रेसर चालवणाऱ्याला आधीच सांगा की ही ट्रकची हवा नाही. टायर आणि रिमवर छापलेल्या कमाल दाबापैकी जो कमी असेल तो ओलांडायचा नाही. कड बसल्यावर हवा सोडून प्रत्येक टायरमध्ये ८० मिलिलीटर सीलंट घाला, पुन्हा हवा भरा आणि चाक दोन्ही कुशींवर आडवे ठेवून फिरवा. रात्रभरात थोडी हवा उतरेल. ती पुन्हा भरा, एक छोटी फेरी मारा आणि मगच डोंगराकडे निघा.

सोबत एक ट्यूब, प्लगचे साहित्य (छिद्रात खुपसायच्या रबरी पट्ट्या), पक्कड, लहान पंप, जुन्या टायरचा हातभर कापलेला तुकडा आणि मूठभर कापूस असू द्या. भिंत फाटली तर तो तुकडा फाटलेल्या जागी आतून लावून वर ट्यूब भरता येते.